दीड शिक्षकाचें गणित

एखाद्या समाजाला आपल्या मुलांच्या शिक्षणाविषयीं किती आस्था आहे हें जाणावयाचें असेल, तर त्याच्या पुढाऱ्यांचीं भाषणें वाचण्यापेक्षां त्याच्या शाळांचीं पगारपत्रकें वाचावींत, असें आमचें पुष्कळ वर्षांचें मत आहे. भाषणांत ध्येयें असतात. पगारपत्रकांत माणसें असतात. शिक्षक किती, कारकून किती, शिपाई किती, आणि कोणत्या पदापुढें ‘रिक्त’ हा शब्द किती वर्षें लिहिला जात आहे, हें सर्व त्या रुक्ष कागदावर निमूटपणें नोंदलेलें असतें. इतिहासाच्या जिज्ञासूला ह्याहून प्रामाणिक साक्षीदार क्वचितच मिळेल.

कांहीं वर्षांपूर्वीं एका माध्यमिक शाळेच्या समितीवर बसण्याचा योग आम्हांस आला. पहिल्याच बैठकींत मुख्याध्यापकांनीं आमच्यापुढें संचमान्यतेचा तक्ता ठेवला. कोणत्या शाळेस किती पदें मंजूर, हें दरसाल ठरविणारा जो सरकारी कागद, त्यास संचमान्यता म्हणतात. “पूर्वीं तुकडीमागें दीड शिक्षक मिळत असे, सर,” मुख्याध्यापक म्हणाले, “आतां मुलें मोजून मिळतात.” अर्धा शिक्षक कसा दिसत असेल ह्या कल्पनेनें आम्हांस हंसूं आलें. तोंच मुख्याध्यापक घड्याळाकडे पाहून उठले, बाहेर गेले, आणि स्वतः घंटेचे टोल देऊन परत आले. शिपाई निवृत्त झाला होता व त्याची जागा भरलेली नव्हती. आमचें हंसूं तेथेंच मावळलें. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविणारे. आंकड्यांशीं आमचें सख्य कधींच नव्हतें. परंतु तो अर्धा शिक्षक आणि ती घंटा हीं दोन्ही आमच्या मागें लागलीं, आणि हें गणित कोठून आलें ह्याचा शोध घेणें आम्हांस भाग पडलें.

दीड ह्या आंकड्याची उपपत्ति साधी आहे. समजा, एका तुकडीच्या आठवड्याच्या तासिका ४८ आहेत, आणि एका शिक्षकानें आठवड्यांत ३२ तासिका घ्याव्या असें ठरलें, तर भागाकार दीड येतो. दहा तुकड्यांची शाळा असेल तर पंधरा शिक्षक झाले. आमच्या माध्यमिक शाळा संहितेनें पांचवी ते सातवीच्या तुकडीस १.३ आणि आठवी ते दहावीच्या तुकडीस १.५ असें प्रमाण धरलें होतें. कारण वरच्या वर्गांत विषय वाढतात आणि प्रत्येक विषयास त्याचा जाणता शिक्षक लागतो. वरवर पाहणाराला तो अर्धा शिक्षक शिलकी वाटेल. पण वह्या तपासणें, उद्यांच्या पाठाचें टांचण काढणें, आजारी सहकाऱ्याचा तास सांभाळणें, अपूर्णांकांत अडलेल्या मुलाला व्हरांड्यांत घेऊन बसणें, हीं सारीं कामें त्या अर्ध्यांतच बसविलेलीं असतात. एक शिक्षक वर्ग चालवितो; शाळा चालते ती त्या उरलेल्या अर्ध्यावर.

हा अर्धा शिक्षक आमच्याकडे फार उशिरां आला. इंग्रजी अमदानीच्या आधींच्या गांवठी शाळेंत पंतोजी एकटाच असे. त्याची प्राप्ति म्हणजे धान्य, शिधा आणि सणावारीं मिळेल तें. लहान मुलांकडून धुळाक्षरें गिरवून घेणें आणि पाढे म्हणवून घेणें हें काम मोठीं मुलें करीत. जागा झाडणें, सारवणें, पाणी आणणें हेंहि विद्यार्थ्यांकडेच असे. गांवाला दुसरा शिक्षक पोसवत नव्हता, म्हणून काढलेली ती गरजेची तोड होती. तिला कोणी शिक्षणशास्त्र म्हटलें नव्हतें. तें नांव तिला पुढें मिळालें. अँड्र्यू बेल नांवाचा स्कॉच पाद्री १७८९ सालीं मद्रासेस मुलांच्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख झाला. देशी शाळेंतील मुलें वाळूंत अक्षरें गिरवीत असलेलीं पाहून त्यास आपल्या पद्धतीची कल्पना सुचली, असें सांगतात. १७९७ सालीं त्यानें ह्या प्रयोगाची हकीकत लंडन येथें छापली. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर ह्यानें लंडनमध्यें तशाच धर्तीची शाळा काढली, आणि एक शिक्षक हजार मुलांना पुरे पडेल असा डांगोरा पिटला. कारखान्यांच्या त्या देशाला ही युक्ति आवडली नसती तरच नवल. मुंबईस १८१५ सालीं गरिबांच्या शिक्षणासाठीं जी एज्युकेशन सोसायटी निघाली, तिच्या शाळांतून बेलचीच पद्धत चालूं झाली. आमच्या पंतोजीची अडचणींतली युक्ति अशा रीतीनें समुद्रपर्यटन करून, साहेबी पोषाख चढवून घरीं परतली. फरक एवढाच पडला कीं, जें दारिद्र्यामुळें करावें लागत होतें तें आतां काटकसरीचें शास्त्र ठरलें. शिक्षकसंख्येच्या इतिहासांतील ही पहिली खूण वाचकांनीं लक्षांत ठेवावी. ती पुढें वारंवार भेटणार आहे.

दुसरी खूण १८६२ सालची. त्या सालीं इंग्लंडांत रॉबर्ट लो ह्यानें शाळांच्या अनुदानाचे नवे नियम अमलांत आणले. सरासरी हजेरीवर दर मुलामागें चार शिलिंग, आणि वाचन, लेखन व अंकगणित ह्या तीन परीक्षांत उतरल्यास दर विषयास दोन शिलिंग आठ पेन्स, अशी ती पद्धत होती. शिक्षण स्वस्त तरी होईल किंवा कार्यक्षम तरी होईल, असा ह्या गृहस्थाचा हिशेब होता. त्या वेळीं मॅथ्यू आर्नोल्ड हा कवि शाळा तपासण्याचें काम करीत असे. त्याच्या कविता आम्ही दरसाल वर्गांत शिकवितों. पण ह्या नियमांविरुद्ध त्यानें जी लेखणी उचलली ती आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक नसते. मुलाचें डोकें पैशांत मोजलें कीं शिक्षण यांत्रिक होतें आणि शिक्षक नकळत मुनीम बनतो, हें त्यानें तेव्हांच ओळखलें होतें. मुंबई इलाख्यांतहि परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची रीत त्याच दशकांत आली, आणि कित्येक वर्षें टिकली.

अशा स्थितींत १८८२ सालीं हंटर कमिशन बसलें. त्याच्यापुढें महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं जें निवेदन ठेवलें त्यांत खेड्यांतील शिक्षकाचा पगार निदान १२ रुपये असावा, मोठ्या गांवीं तो १५ ते २० रुपये असावा, अशी स्पष्ट मागणी होती. तत्त्वचर्चेच्या त्या दरबारांत जोतीरावांनीं शिक्षकाच्या पोटाचा आंकडा ठेवला, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. कमिशनचा कल मात्र, सरकारनें माध्यमिक शिक्षणांतून हळूहळू अंग काढून घ्यावें आणि तें खाजगी प्रयत्नांवर सोंपवावें, असा पडला. महाराष्ट्रांतील हायस्कुलें बहुतांशीं खाजगी संस्थांचीं कां, ह्याचें एक कारण येथें आहे.

खाजगी प्रयत्न म्हणजे काय, हें पुण्यानें त्याच्या दोन वर्षें आधीं दाखविलें होतें. जानेवारी १८८० मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी ह्यांनीं न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. त्याच वर्षीं वामन शिवराम आपटे आणि पुढील वर्षीं गोपाळ गणेश आगरकर येऊन मिळाले. पटावरील मुलें वर्ष संपण्याच्या आंत तीनशेंवर, आणि चारपांच वर्षांत हजाराच्या घरांत गेलीं. ह्या शाळेची कीर्ति गातांना आपण शिकविणाऱ्यांचीं नांवें घेतों. परंतु वर्गणी गोळा करणें, संस्थानिकांच्या दारीं खेटे घालणें, हा भार मुख्यतः नामजोशींनीं वाहिला. शाळेला विद्वान् लागतात, तसाच दाराबाहेरचा व्यवहार अंगावर घेणारा कर्ता माणूसहि लागतो. तो नसेल तर विद्वानांनाच पावत्या फाडाव्या लागतात. नामजोशींचें नांव शाळकरी पुस्तकांत मागें पडलें, ह्यांत आमच्या समाजाची एक जुनी खोड दिसून येते. शिकविणाऱ्या हातापलीकडचे शाळेंतले हात आम्हांस दिसतच नाहींत.

१८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर वीस वर्षें सेवा करावी असा नेम होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं मासिक ७५ रुपयांवर तो पाळला. ह्या त्यागापुढें आमचें मस्तक नम्र होतें. तरीपण इतिहासलेखकानें नमस्कार करून थांबूं नये. आजीव सभासदांचें वेतन किती असावें, त्यांनीं बाहेर पैसा मिळवावा कीं नाहीं, ह्याच प्रश्नावरून त्या मंडळींत वितुष्ट आलें, आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनीं संस्था सोडली. त्यागावर शाळा उभी राहते. पण पिढ्यान् पिढ्या चालवावयाची ती केवळ त्यागावर चालवितां येत नाहीं, असा ह्या भांडणाचा अर्थ आम्ही लावितों. सरकारनें मात्र ह्यांतून उलटाच धडा घेतला असावा. आपण हात आंखडला तरी मराठी माणूस शाळा बंद पडूं देत नाहीं, हा तो धडा.

साताऱ्याकडे तीच गोष्ट अधिक तीव्रतेनें घडली. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि १९२४ सालीं तिचें ठाणें साताऱ्यास नेलें. तेथील वसतिगृहांत मुलेंच दळीत, रांधीत, शेतांत राबत आणि इमारतीचे दगड वाहत. पोरांच्या जेवणासाठीं लक्ष्मीबाईंनीं मंगळसूत्र मोडलें, ही कथा महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. त्या माउलीचें पद कोणत्या पगारपत्रकांत होतें? स्वयंपाकीण, अधीक्षक, आजाऱ्याची शुश्रूषा करणारी, ही सर्व पदें तिनें एका जन्मांत भरलीं आणि १९३० सालीं ती निघून गेली. १९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीरावांच्या नांवाचें मोफत हायस्कूल उघडलें, तेव्हां तें पाहावयास ती नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हिशेब प्रथमच मुलाच्या बाजूनें मांडला गेला. लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगानें (१९५२-५३) असें सांगितलें कीं, वर्गांत ३० मुलें असणें इष्ट, ४० ही कमाल मर्यादा. सबंध शाळा ५०० मुलांची असावी, फार तर ७५० ची. प्रशिक्षित ग्रंथपालाचा आग्रहहि त्याच आयोगानें धरला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर खाजगी शाळांच्या पगाराचा भार सरकारनें क्रमाक्रमानें आपल्या शिरावर घेतला. १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि त्याखालील १९८१ चे नियम ह्यांनीं शिक्षकाला संस्थाचालकाच्या लहरीपासून संरक्षण दिलें. दीड शिक्षकाचें प्रमाण ह्या काळांत जेथें खरोखर पाळलें गेलें, तेथें शाळा कशी असते हें आम्हीं विद्यार्थिदशेंत पाहिलें आहे. आमच्या तालुक्याच्या हायस्कुलांत चित्रकलेला चित्रकलेचा शिक्षक होता, प्रयोगशाळेंत परिचर होता, पुस्तकांच्या कपाटांची किल्ली सांभाळणारा ग्रंथपाल होता, आणि घंटेपाशीं शिपाई होता. त्यास आम्ही मामा म्हणत असूं. कोणत्या मुलानें डबा आणला नाहीं, कोणाच्या पायांत चप्पल नाहीं, कोण सलग चार दिवस आलें नाहीं, हें वर्गशिक्षकाच्या आधीं मामांना समजे. कोणत्याहि आकृतिबंधांत हें काम लिहिलेलें नव्हतें.

परंतु जो पगार देतो तो डोकीं मोजूं लागतो. १८६२ सालीं इंग्लंडांत जें घडलें तेंच वेगळ्या रूपानें आमच्याकडे आलें. २००० सालीं शिक्षणसेवकाची योजना निघाली; नव्या शिक्षकानें तीन वर्षें ठराविक मानधनावर काम करावें असें ठरलें. पुढच्याच सालीं नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ हें विशेषण चिकटलें, आणि त्यांतला ‘कायम’ हा शब्द निघण्यास २००९ साल उजाडलें. मध्यंतरींच्या काळांत त्या शाळांतील पुष्कळ शिक्षकांनीं नाममात्र पैशांवर, कित्येकांनीं तर फुकट, आपलें तारुण्य वेंचलें. १८८० चा त्याग स्वेच्छेचा होता. ह्यांच्याकडून तो सक्तीनें वसूल केला गेला.

ह्या प्रकरणांत दोष एकाच बाजूस नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पद पटावर अवलंबून असल्यामुळें पट फुगविण्याचा मोह संस्थांना झाला. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ह्या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हां हजेरीपटावरील लाखों मुलें वर्गांत सांपडलीं नाहींत. आर्नोल्डच्या देशांतहि हजेरीवर पैसा ठेवतांच हजेरी बिघडली होती. त्यानंतर मे २०१२ मध्यें शिक्षकभरतीस बंदी आली. २८ ऑगस्ट २०१५ च्या शासननिर्णयानें तुकडीऐवजीं विद्यार्थिसंख्या हा मंजुरीचा पाया धरला. १५ मार्च २०२४ च्या निर्णयानें निकष पुन्हां बदलले, आणि कमी पटाच्या शाळा शिक्षकांवांचून ओस पडतील ह्या भीतीनें शिक्षकांनीं मोर्चे काढले. खोट्या मुलांचें प्रायश्चित्त अशा रीतीनें खऱ्या मुलांना मिळालें.

शिकविणाऱ्यांसाठीं निदान मोर्चे तरी निघतात. कारकून, ग्रंथपाल, परिचर आणि शिपाई ह्यांची कहाणी ह्याहून मूक आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा घ्या. त्याच्या परिशिष्टांत सहावी ते आठवीसाठीं दर ३५ मुलांमागें एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रें व भाषा ह्यांना निदान एकेक शिक्षक, असें चांगलें कलम आहे. इमारतीच्या कलमांत कार्यालय, कोठार आणि मुख्याध्यापकाची खोली ह्या तिहींसाठीं मिळून एक खोली सांगितली आहे. ग्रंथालयहि सांगितलें आहे. पण त्या कार्यालयांत बसणारा कारकून आणि त्या ग्रंथालयांतला ग्रंथपाल त्या परिशिष्टांत कोठेंहि नाहीं. खोली आहे, माणूस नाहीं. मग तेथें बसतो कोण? ज्याची तासिका चालूं असावयास पाहिजे असा शिक्षक. ह्याच कायद्याचें २७ वें कलम म्हणतें कीं, दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका ह्यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊं नये. परंतु शाळेच्या आंतलें कारकुनी काम शिक्षकावर पडतें, तें ह्या कलमाच्या जाळ्यांतून अलगद निसटतें.

डिसेंबर २०२० मध्यें ह्या कहाणीचा पुढचा अध्याय लिहिला गेला. अनुदानित शाळांतील शिपायांचीं पदें, तीं धारण करणारे निवृत्त होतील तसतशीं संपवावीं आणि त्यांच्या ऐवजीं शाळेस ठराविक शिपाई भत्ता द्यावा, असा निर्णय राज्यशासनानें केला. हिशेबाच्या वहींत हा बदल सुबक दिसतो. पद गेलें, काम राहिलें, पैसा थोडा झाला. पण भत्त्यावर येणारा माणूस आज येईल, उद्यां दुसरी मजुरी मिळाली कीं जाईल. मामांना जें ठाऊक होतें, तें भत्त्याला ठाऊक असणें शक्य नाहीं.

ह्यावर विचारी वाचक म्हणतील कीं, तिजोरी अक्षय नाहीं. शिक्षणखर्चाचा मोठा वांटा पगारांतच जातो. आणि दहापंधरा मुलांच्या वर्गाला दीड शिक्षक देणें ही उधळपट्टी आहे. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि आम्ही तें टाळूं इच्छित नाहीं. शहरांत दोन शाळा भिंतीला भिंत लावून उभ्या असतील तर त्या एक कराव्या. खोटा पट दाखविणारास शासन व्हावें. पण डोंगराकडेच्या गांवीं नववीदहावींत मिळून अठरा मुलें असलीं, तरी त्यांना गणित, विज्ञान आणि तीन भाषा शिकावयाच्या असतातच. मुलें थोडीं म्हणून विषय थोडे होत नाहींत. भूमितीचा सिद्धान्त अठरांना शिकविण्यास जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच चाळिसांना लागतो. डोकीं मोजणारें गणित येथें चुकतें, आणि काम मोजणारें जुनें दीडचें गणित बरोबर ठरतें. तेथील शाळा बंद झाली म्हणजे मुलगा सायकल काढून दुसऱ्या गांवीं जाईल. मुलीला बहुधा घरीं बसवितील. काटकसरीची किंमत शेवटीं कोण देतें, हें पगारपत्रकांत दिसत नाहीं, एवढेंच.

दोनशें वर्षांच्या ह्या प्रवासांत आम्हांस एकच सूत्र दिसलें. शाळेंत माणसें किती असावींत हा आंकडा बहुतेक वेळां पैसा देणाराच्या सोयीनें ठरला, आणि प्रत्येक वेळीं त्या सोयीला सुधारणेचें नांव मिळालें. जोतीरावांच्या निवेदनांत आणि मुदलियारांच्या अहवालांत हिशेब शाळेच्या बाजूनें सुरू झाला, हे त्यांतले अपवाद. आमची मागणी मोठी नाहीं. संचमान्यता करणारांनीं आधीं शाळेंतील कामांची यादी करावी, वर्गांतल्या व वर्गाबाहेरच्या दोन्ही, आणि मग त्या कामांना माणसें किती लागतात तें लिहावें. पैसा अपुरा पडला तर कोणतें काम सोडून दिलें हेंहि त्याच कागदावर उघड लिहावें, म्हणजे पुढच्या इतिहासकाराची फसगत होणार नाहीं.

त्या समितीवरील आमची मुदत संपली त्या दिवशीं आम्ही मुख्याध्यापकांचा निरोप घेण्यास गेलों होतों. ते दहावीच्या वर्गांत इंग्रजीचा पाठ घेत होते. पाठ ऐन रंगांत आला असतां ते मधेंच थांबले, पुस्तक बांकावर उपडें ठेवलें आणि घंटा देण्यासाठीं बाहेर गेले. वर्गांतील मुलें, उरलेलें वाक्य ऐकण्यासाठीं, दाराकडे पाहत बसलीं होतीं.